येळवशीच्या दिवशी पाहिलेलं पार्क

पुण्याहून नांदेडच्या गाडीत बसले तेव्हा माझ्या बॅगेत दोन स्वेटर होते आणि दोन्ही फिनलंडमध्ये घेतलेले. "मराठवाड्यात कसली आलीय थंडी!" म्हणून मुलीने निघताना थट्टा केली होती. परभणी मागे पडली आणि खिडकीच्या फटीतून असा वारा आत घुसला की मी मुकाट्याने दोन्ही स्वेटर एकावर एक चढवले. समोरच्या बाकावरच्या आजोबांनी मफलरीतून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "थंडी लई पडली बगा औंदा. ज्वारीला चांगलं हाय." माझ्या कुडकुडण्यातून ज्वारीचं भलं होत असेल तर माझी काही तक्रार नव्हती.

माझं काम थोडं चमत्कारिक आहे, ते आधी सांगून टाकते. नवं काही शोधू पाहणाऱ्या माणसांना खोली, वीज, प्रयोगशाळा आणि चार शहाणे शेजारी मिळावेत म्हणून जगभर तंत्रज्ञान पार्क उभारली जातात. ती कुठे कशी चालतात, याची तुलना करणाऱ्या एका परदेशी संस्थेसाठी मी हिंडते. फिनलंडमध्ये हिंडले, तैवानमध्ये, ब्राझीलमध्ये, केनियात. माणसं वेगळी, हवा वेगळी, चहा-कॉफी वेगळी. पण माझ्या हातातला तक्ता सगळीकडे तोच. या वेळी त्या तक्त्यात भारतातली लहान शहरं आली होती, म्हणून नांदेड आणि लातूर. आणि या वेळी तुलनेला धारही होती. जे पार्क सगळ्यात खालच्या गटात जाईल त्याला मिळणारी मदत बंद होणार होती.

तक्त्यातल्या एका रकान्याला बाकी सगळ्यांपेक्षा जास्त वजन होतं. भेटीच्या दिवशी किती खोल्यांमध्ये काम चालू आहे, हे आपल्या डोळ्यांनी पाहायचं आणि फोटो काढायचे. ऐकीव माहिती चालत नाही. तारीख पार्कवाल्यांनीच निवडायची, पण एकदा निवडली की ती पक्की. फोटोवर तीच तारीख पाहिजे. कागदोपत्री भरलेली आणि प्रत्यक्षात कुलपं लावलेली पार्क मी इतकी पाहिली होती की हा रकाना मला मनापासून पटलेला होता.

नांदेड स्टेशनवर उतरून आधी गुरुद्वाऱ्यात गेले. लंगरमधली डाळ-रोटी खाल्ल्यावर अंगात ऊब आली. मग रिक्षावाल्याला पार्कचा पत्ता दाखवला. तो हसला. "क्लासवाल्यांची बिल्डिंग ना? बसा मॅडम."

पोचल्यावर त्याचं हसू कळलं. इमारत देखणी होती, दारात काचा होत्या, भिंतीवर शोध आणि भविष्य यांबद्दलची मोठमोठी वाक्यं होती. आत प्रत्येक खोलीत मुलंमुली संगणकापुढे बसून डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेचे सराव पेपर सोडवत होती. व्यवस्थापक कोटबीट घालून मला खोलीखोलीतून फिरवत होते.

"एक पण खोली रिकामी न्हाई, मॅडम. समद्या फुल्ल."

"पण यात नवं काय शोधतात?"

"पेपर सेट करून राहिले ना! रोज नवा पेपर."

मी फोटो काढले. खोल्या खरोखर भरलेल्या होत्या आणि काम खरोखर चालू होतं. कसलं काम, हे तो रकाना विचारत नव्हता. शेरा लिहायला खाली जागा होती, तिथे मी खरं काय ते लिहिलं. शेऱ्याला गुण नसतात.

दुपारी लातूरची एसटी पकडली. लोहा, अहमदपूर, चाकूर असा रस्ता. बसमध्ये माणसांपेक्षा मडकी जास्त होती. माझ्या शेजारी बसलेल्या बाईंच्या मांडीवर नवीकोरी बिंदगी (लहान तोंडाचं मातीचं मडकं) होती आणि पायाशी ओल्या तुरीच्या शेंगा, हरभऱ्याचे डहाळे, चिंच, पातीचा कांदा अशी भरगच्च पिशवी. बस खड्ड्यात आदळली की त्या बिंदगीला लेकरासारखं छातीशी धरायच्या.

"उद्या येळवस हाय नव्हं," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडं न्हाई करीत?"

येळवस म्हणजे वेळ अमावस्या, ती मला नावानेच माहीत होती. नाही म्हणाले.

"अगं माय! मग उद्या जेवाय कुठं जाताव? आमच्या शेताला या. चाकूरला उतरायचं, कुणालाबी इचारा."

कधी न पाहिलेल्या बाईला त्यांनी इतक्या सहज बोलावलं की मला गंमत वाटली. लातूरला काम आहे म्हणून आभार मानले. गावाकडचा सण असेल, दुपारपर्यंत आटपत असेल, असं माझ्या मनात आलं आणि मी खिडकीबाहेर पाहत बसले. अहमदपूरच्या पुढे माळ संपून काळी रानं लागली. ज्वारी कणसाला आली होती आणि अधूनमधून करडईच्या पिवळ्या कडा दिसत होत्या.

लातूरच्या बाजारात त्या संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. सकाळी खोलीची खिडकी उघडली तर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दुकानं बंद, चहाच्या टपऱ्या बंद, रिक्षा नाहीत. लॉजचा मालकसुद्धा किल्ली कुंडीखाली ठेवा असं सांगून सहकुटुंब जीपमध्ये चढत होता. पार्क तरी उघडं असेल ना, हा प्रश्न मला तेव्हा पहिल्यांदा पडला.

पार्कचे व्यवस्थापक गायकवाड मला न्यायला आले. पन्नाशीचे, किरकोळ अंगाचे, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. फोनवर त्यांच्याशी अनेकदा बोलणं झालेलं. खुशीत होते. "थंडी वाजलालीय का मॅडम? आधी पार्क बगून घेऊ, मग जेवायला शेतात. तुमची वाट बगलालेत तिकडं."

चाकूर रस्त्याला, शहराच्या बाहेर, त्यांचं पार्क. बसकी इमारत, रंग उडालेला, पण अंगण झाडून लख्ख. फाटकाला कुलूप. गायकवाडांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि एकेक दार उघडून दिवे लावत मला दाखवू लागले. ही मातीची तपासणी. ही सोयाबीनच्या तेलाची. आणि ही शिवकन्येची खोली. तुरीच्या डाळीला जी बुरशी लागते, डोळ्यांना दिसत नाही पण पोटात जाऊन माणसाला पोखरते, ती जागच्या जागी ओळखणारं यंत्र ती इथे बनवत होती. बंगळूरची नोकरी सोडून आलेली पोरगी. आई नाही, वडील एकटे, म्हणून इथेच काहीतरी करायचं ठरवून आली. त्या यंत्राचे निकाल ताडून बघायला लागणारं महागडं उपकरण सगळ्या जिल्ह्यात याच इमारतीत होतं. टेबलावर अर्धं उघडलेलं यंत्र धुतलेल्या पांढऱ्या फडक्याखाली झाकून ठेवलं होतं.

खोल्या सगळ्या कामाच्या होत्या. आणि सगळ्या रिकाम्या.

"लोक कधी येतील?" मी विचारलं.

गायकवाड हसले. "आज? आज कोण येतंय मॅडम, येळवस हाय."

मी त्यांना रकान्याचं सांगितलं. पत्रात लिहिलं होतंच, पण नियमांच्या गर्दीतल्या एका ओळीत काय दडलंय ते आता समोरासमोर सांगितलं. आजचेच फोटो. याच तारखेचे. उद्या हजार माणसं कामाला लागली तरी तो रकाना भरता येत नाही. गायकवाडांचा चेहरा उतरत गेला. त्यांनी हात लांब करून शेवटच्या खोलीचा दिवा बंद केला, मग काहीतरी आठवल्यासारखा पुन्हा लावला.

"मला वाटलं, पाहणी दोन दिस चालंल," ते म्हणाले. "पयल्या दिवशी पाहुणचार, दुसऱ्या दिवशी काम."

"दुसरी कुठलीही तारीख का नाही घेतली हो तुम्ही?"

ते जुडग्यातल्या किल्ल्या एकेक करून सरकवू लागले. मी रिकाम्या खोल्यांचे फोटो काढले. काढावेच लागले. इतकं जड बोट मी कॅमेऱ्यावर आधी कधी ठेवलं नव्हतं.

शेत जवळच होतं. शिवकन्येचे वडील काशिनाथअप्पा बांधावर उभे होते, कपाळाला भस्म, गळ्यात लिंगाची डबी. "शरणार्थ, या, या. लई उशीर केला." ज्वारीच्या मधोमध कडब्याच्या पेंढ्यांची कोप (खोपी) उभी केली होती, वर नवी शाल पांघरलेली. आत चुन्याने रंगवलेले पाच पांडव, म्हणजे पाच दगड, आणि त्यांच्यापुढे सगळा नैवेद्य. पूजा झाल्यावर अप्पा पळसाच्या पानाने पिकावर आंबील शिंपडत सगळ्या रानाला फेरी घालून आले. आजूबाजूच्या प्रत्येक शेतात तशीच कोप, तशीच माणसं, तशाच हाका. काल बाजारात दिसलेलं अख्खं लातूर इथे येऊन बसलं होतं.

जेवणाचं काय सांगू! बेसनात घोटलेली, ओल्या तुरीच्या आणि वालाच्या दाण्यांची आंबटसर भज्जी (कांद्याची भजी नव्हे, ही दाट भाजी), बाजरीचे उंडे (वाफवलेले गोळे), गव्हाची खीर, आणि लसणाची फोडणी दिलेली ज्वारीच्या पिठाची थंडगार आंबील. मी जगभर जेवले आहे, पण इतकं सुंदर जेवण इतक्या दुःखी मनाने कधी जेवले नाही. गायकवाड माझ्या शेजारी पंगतीत बसले होते. त्यांनी उंडा कुस्करला होता आणि तो तसाच पानात पडला होता.

"सर जेवंना झालेत," शिवकन्या वाढता वाढता थांबली. तिशीच्या आतली, डोळ्यांना चष्मा, पदराऐवजी ओढणी खोचलेली. "काय झालं?"

गायकवाडांनीच सांगितलं. एकही शब्द झाकला नाही. "माझी चूक हाय शिवकन्या. तारीख मी निवडली."

तिने भज्जीचं पातेलं खाली ठेवलं. पार्क गेलं तर उपकरण जाणार, उपकरण गेलं तर इथे राहून यंत्र पुरं होणार नाही, एवढा हिशोब तिच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसला. तिने अप्पांकडे पाहिलं आणि पटकन नजर वळवली.

अप्पांना काही उलगडेना. "म्हंजी आपण शेताला आलाव म्हणून नापास?"

"तसंच काहीसं," मी म्हणाले. "फिनलंडमध्येही हाच नियम आहे."

"त्या फिनलंडात सण न्हाईत का?"

आहेत की. ऐन उन्हाळ्यात एक दिवस असा येतो की सगळा देश शहरं सोडून तळ्याकाठच्या लाकडी घरांकडे जातो. दुकानंसुद्धा बंद. तैवानमध्ये नव्या वर्षाला तसंच, ब्राझीलमध्ये कार्निव्हलला तसंच. आमच्या संस्थेच्या वेळापत्रकात त्या त्या दिवसांभोवती लाल चौकट असते. त्या तारखेला भेट ठरवताच येत नाही. भारताच्या पानावर दिवाळीला चौकट आहे, सव्वीस जानेवारीला आहे. मी हे सगळं अप्पांना सांगितलं.

"आन आमच्या येळवशीला?"

मी मान हलवली. अप्पांनी आंबिलीचं भांडं पुढे ओढलं. म्हणाले, "आंबील घ्या अजून. पान रिकामं हाय तुमचं."

जेवणानंतर गायकवाड आणि मी बांधावर बसलो. मी न विचारताच त्यांनी सकाळच्या प्रश्नाचं उत्तर दिलं.

"मॅडम, आमाला शेत न्हाई. माझा बाप दुसऱ्याच्या रानात राबायचा. पर येळवशीला कुणी उपाशी ठिवत न्हाई हिकडं. तवा आमी त्या तिकडं बसायचो, बांधाच्या पल्याड. ताटं वाढून तिकडं यायची." त्यांनी बोट दाखवलं, पलीकडे नुसतं गवत होतं. "मग शिकलो, नोकरी लागली. एका वर्षी अप्पा सोता घरी आले, म्हणले, पंगतीत बसायला येत असाल तर या, न्हाईतर मीच तुमच्याकडं येऊन बसतो. तवापासून दरसाल येतो. तुमचं पत्र आलं, कोणतीबी तारीख घ्या म्हणून. इतक्या लांबून माणूस येणार, त्याला लातूरचं काय दाखवावं? मला ह्याच्यापेक्षा मोठं काय सुचलं न्हाई."

मला रडू आलं. मी पाण्याचं निमित्त करून उठले नाही, तिथेच बसून रडले. गायकवाड ज्वारीकडे बघत राहिले.

अंधार पडता पडता पेटते कडब्याचे चूड घेऊन पोरंबाळं रानातून धावली आणि माणसं गाड्यांमध्ये बसून शहराकडे परतू लागली.

दुसऱ्या दिवशी माझी पुण्याची गाडी संध्याकाळी होती. सकाळी मी परत पार्कमध्ये गेले. फाटक सताड उघडं. मातीच्या खोलीबाहेर गोणपाटात नमुने घेऊन आलेल्या बायका, तेलाच्या खोलीत घरघर, शिवकन्येच्या टेबलाभोवती मोंढ्यातले (धान्यबाजारातले) दोन अडते डाळ ओतून उभे. यंत्रावर बुरशीचा लाल दिवा लागला तसा एक अडता दचकून म्हणाला, "अरे, ही डाळ तर माझ्या घरी खातेत!" आणि घरी फोन लावायला बाहेर पळाला. मी प्रत्येक खोलीचे फोटो काढले, आवाजासकट चित्रफिती घेतल्या. मातीच्या खोलीतल्या एका तंत्रज्ञाने हळूच सुचवलं, कॅमेऱ्यातली तारीख एक दिवस मागे करता येते. खरं सांगते, माझं बोट तिकडे वळलं होतं.

"न्हाई," गायकवाड दारातून म्हणाले. "चूक मी केली, त्याच्यासाठी मॅडमनी खोटं बोलावं का?"

 निघताना शिवकन्येने माझ्या पिशवीत खारे शेंगदाणे आणि उंड्यांची पुरचुंडी ठेवली. "ताई, लिहा तुम्ही तुमच्यापरीनं," एवढंच म्हणाली.

मी लिहिलं. परतीच्या गाडीत लिहायला घेतलं ते पुण्यात येऊनही लिहीतच होते. लातूरचा शेरा हा मी आजवर लिहिलेला सगळ्यात लांब शेरा असेल. फिनलंडची लाल चौकट दाखवली, येळवस समजावून सांगितली, दुसऱ्या दिवशीचे फोटो जोडले, नांदेडच्या भरलेल्या खोल्यांत काय भरलेलं होतं तेही पुन्हा लिहिलं. पत्रांवर पत्रं पाठवली, एकदा फोनवर आवाजही चढवला. उत्तर अतिशय सभ्य भाषेत आलं. स्थानिक सणांची दखल एका ठिकाणी घेतली तर सगळीकडे घ्यावी लागेल आणि मग तुलना कशी करणार, असं त्यांचं म्हणणं होतं. सूचना मात्र मोलाची आहे, पुढच्या फेरीत विचार करू.

निकाल लागला. नांदेडचं पार्क मधल्या गटात, तैवानच्या एका लहान पार्कच्या शेजारी. लातूरचं सगळ्यात खाली. पावसाळ्याआधी महागडं उपकरण खोक्यात भरून गेलं. गायकवाडांची बदली झाली. आता ते कुठल्याशा कार्यालयात दाखले तपासतात. शिवकन्या पुण्यात आली, एका मोठ्या पार्कमधल्या मोठ्या कंपनीत. तिथे ती डाळीचं नाही, दुसरंच काहीतरी करते. अप्पा चाकूर रस्त्याला एकटे आहेत.

परदेशातून घरी येते तेव्हा मला नेहमी वाटतं, जग केवढं मोठं आहे. लातूरहून आल्यापासून वाटत राहिलं की आपला तक्ता फार लहान आहे, आणि त्याच्याबाहेर राहिलेल्या माणसांना ते कळतही नाही. त्यांना वाटतं, आपणच कुठेतरी चुकलो. गायकवाडांना तर अजून तसंच वाटतं. मी फोन केला की आधी माझी माफी मागतात. मी किती वेळा सांगितलं, चूक तुमची नव्हती. ते "हाव, हाव" म्हणतात आणि विषय बदलतात.

गेल्या महिन्यात नव्या फेरीचं वेळापत्रक आलं. भारताचं पान उघडलं. डिसेंबरच्या त्या अमावस्येभोवती लाल चौकट होती, आत बारीक अक्षरात लिहिलं होतं: लातूर परिसरात स्थानिक सण, भेट ठरवू नये. माझी सूचना त्यांनी मानली होती. मी आनंदाने खाली पार्कांची यादी पाहिली. लातूरचं नाव त्यात नव्हतं. भेट ठरवू नये असं आता तिथे कोणतं पार्कच उरलं नव्हतं.

त्या अमावस्येला दुपारी शिवकन्येचा फोन आला.

"ताई, जेवलाव का?"

"हो. तू?"

"कॅन्टीनमध्ये खाल्लं. अप्पांनी आज एकट्यानं कोप घातली म्हणले. गायकवाड सर गेलते तिकडं, रजा टाकून. दोघंच जेवले."

मागे की-बोर्डचे आवाज येत होते, कुणीतरी इंग्रजीत हसत होतं.  

"ताई, हितं सगळ्या खोल्यांत दिवे चालू हायत," ती म्हणाली. "आज या की तुम्ही फोटो काढायला. एक पण खोली रिकामी न्हाई."